हिरकणीवाडीतली भिंत कोणाच्या घरपट्टीतून?

चाळीस मीटर लांबीची संरक्षक भिंत, तिच्या पायथ्याने साठ मीटर पक्के गटार आणि रस्त्याखालची अरुंद मोरी फोडून मोठी करणे. रायगडाच्या पायथ्याच्या कुठल्याही वाडीत मे संपत आला की अशी यादी कोणी ना कोणी बोलून दाखवतोच. पुढचा प्रश्न पैशाचा येतो आणि बोलणे तिथे थांबते. सरकार करील तेव्हा करील. पण गावाने ठरवले तर ग्रामपंचायतीच्या करातून एवढे काम उभे राहील का, आणि राहिले तर एका घराला किती पडेल, याचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. तो इथे रायगडाच्या पायथ्याचीच हिरकणीवाडी समोर ठेवून मांडला आहे. घरांची संख्या आणि कामाचे दर हिशेबापुरते धरलेले आहेत. तुमच्या वाडीचे आकडे घालून तो पुन्हा करता येईल, किंबहुना करावाच.

महाडचा पूर आणि हिरकणीवाडीचा पूर एकाच पाण्याचे, पण त्यांची जात वेगळी. महाडात सावित्री आणि गांधारी एकदम फुगतात, खालून खाडीची भरती चढत असली तर पाण्याला पुढे वाट मिळत नाही आणि बाजारपेठ बुडते. २२ जुलै २०२१ रोजी तसेच झाले. हिरकणीवाडीत पाणी तुंबत नाही, धावते. ७ जुलै २०२४च्या रविवारी रायगडाच्या पायऱ्यांवरून धबधब्यासारखे लोट उतरले आणि पर्यटक जागोजागी अडकले. त्याची चित्रफीत महाराष्ट्रभर फिरली. असे पाणी येताना माती, दगड, झाडांची मुळे घेऊन येते. वहाळाची वाट कुठे गडग्याने, कुठे नव्या भरावाने अडलेली असेल तर ते घराच्या मागच्या पडवीतून वाट काढते. २०२१च्या त्याच २२ जुलैला महाड तालुक्यातल्या तळियेत दरडीखाली ऐंशीहून जास्त माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर दरड आली. त्याआधी जुलै २००५मध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते या गावांनी हेच सोसले होते. त्यामुळे इकडे पूरनियंत्रण म्हणजे नदीकाठचा बांध नव्हे. उतारावरचे पाणी ठरलेल्या वाटेने खाली नेणे आणि माती जागेवर धरणे, एवढाच त्याचा अर्थ. सुदैवाने ही कामे लहान असतात. नदीतला गाळ काढणे कोट्यवधींत जाते, वाडीतली मोरी काही लाखांत होते.

घरपट्टीत आज काय असते

ग्रामपंचायतीला कर बसवण्याचा अधिकार महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८च्या कलम १२४ने दिला आहे. घराचा कर कसा काढायचा, ते १९६०च्या कर व फी नियमांत आहे. हे नियम डिसेंबर २०१५च्या अखेरीस बदलले आणि आकारणी भांडवली मूल्यावर आली. घराचे क्षेत्रफळ गुणिले रेडी रेकनरमधला जमिनीचा दर, अधिक तेच क्षेत्रफळ गुणिले बांधकामाचा दर, बांधकामाच्या मूल्यातून घराच्या वयाप्रमाणे घसारा वजा. या मूल्यावर हजारी ठरावीक पैसे कर. माती-कुडाच्या घराला हजारी ३० ते ७५ पैसे, आरसीसी घराला १ रुपया २० पैसे ते २ रुपये. या किमान आणि कमाल मर्यादेत कुठे थांबायचे ते ग्रामपंचायत ठरवते. राहत्या घराचा भारांक १, धंद्याच्या जागेचा १.२५.

समजा, तुमचे ६०० चौरस फुटांचे, म्हणजे ५६ चौरस मीटरचे आरसीसी घर आहे. जमिनीचा दर चौरस मीटरला ८०० रुपये, बांधकामाचा २०,००० रुपये आणि घसारा वजा जाता ९० टक्के मूल्य उरले असे धरू. जमिनीचे ४४,८०० आणि बांधकामाचे १०,०८,००० मिळून भांडवली मूल्य १०,५२,८०० रुपये. किमान दराने वर्षाची घरपट्टी १,२६३ रुपये, कमाल दराने २,१०६. त्याच घरात खानावळ चालत असेल तर किमान १,५७९ आणि कमाल २,६३२. याशिवाय दिवाबत्ती कर, आरोग्य कर आणि पाणीपट्टी वेगळी.

या हिशेबात किमान आणि कमाल दरांमधले अंतर बघा: साधारण ८४० रुपये. तुमची ग्रामपंचायत किमान दराजवळ बसली असेल तर गटार-मोरीच्या नावाने नवा कर शोधायची गरजच नाही. वाढवायला कायद्याने दिलेली जागा शिल्लक आहे. ती का वापरली जात नाही, याचे उत्तर सरपंचाला विचारण्यापेक्षा पुढच्या निवडणुकीची तारीख बघून कळते.

आणखी एक मर्यादा इथेच सांगायला हवी. शेतसारा भरणाऱ्या मोकळ्या जमिनीवर ग्रामपंचायतीची ही पट्टी बसत नाही. म्हणजे ज्या भातखाचराचा बांध फुटून पाणी वाडीत शिरते, ते खाचर या वहीत नसतेच.

दुरुस्तीचा खर्च: वर्षाला साडेतीनशे

आधी स्वस्त काम. दर मे महिन्यात वहाळातले दगड उपसणे, गटारे मोकळी करणे, मोरीत अडकलेला कचरा काढणे, फुटलेला गडगा पुन्हा रचणे. समजा जेसीबी दहा तास, तासाला १,२०० रुपयांनी १२,०००. दहा माणसे दोन दिवस, ६०० रुपये रोजाने १२,०००. सिमेंट, पाइप, दगड, गाडीभाडे १६,०००. एकूण ४०,०००. वाडीत १०० घरे आणि १२ खानावळी-दुकाने-लॉज धरले तर सरासरी प्रत्येकाला वर्षाचे ३५७ रुपये.

वरच्या आरसीसी घराचा दर हजारी चाळीस पैशांनी वाढवला तर त्या घरातून ४२१ रुपये जास्त येतात. सगळी घरे आरसीसी नाहीत. मातीच्या घरातून यातले थोडेच मिळेल, आणि ते तसेच असावे. पण धंद्याच्या जागा आणि नवी पक्की घरे मिळून दुरुस्तीचा खर्च कराच्या वाढीतून निघू शकतो. अट एकच. हा पैसा त्याच कामाला लागला पाहिजे. कराचा रुपया एकदा ग्रामनिधीत पडला की त्यावर वहाळाचे नाव लिहिलेले नसते. म्हणून दरवाढीचा ठराव घेतानाच ग्रामसभेत दुसरा ठराव घ्यावा: वाढीव रकमेतून दरवर्षी अमुक रुपये नालेसफाई व मोरी दुरुस्ती या नावाने अंदाजपत्रकात दाखवावेत आणि जूनच्या आत खर्चाचा तपशील फलकावर लावावा. ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतले जे कमी असेल ते. लहान वाड्यांच्या पंचायतीत एवढी माणसे जमवणे जमते. फक्त सभा भातलावणीत ठेवू नये.

बांधणीचा खर्च आणि कायद्यातला विसरलेला रकाना

आता महाग काम. भिंत, गटार आणि मोरी मिळून १२ लाख रुपये धरू. एकशे बारा जणांत सरळ वाटले तर प्रत्येकी १०,७१४. वरच्या आरसीसी घराची कमाल दरानेही पाच वर्षांची घरपट्टी एका दमात. हे होणार नाही, आणि होऊही नये, कारण भिंतीचा फायदा सगळ्यांना सारखा नाही.

फायदा ज्याला जितका, त्याने भार तितका उचलावा, हे तत्त्व आपल्याकडे नवीन नाही. १९१५च्या मुंबई नगररचना कायद्यापासून नगररचना योजनेत ज्याच्या भूखंडाची किंमत वाढते त्याच्याकडून वाढीचा हिस्सा घेतला जातो. १९६६च्या कायद्यात तो वाढीच्या निम्म्यापर्यंत आहे. मुंबईच्या मालमत्ता करात जल लाभ कर आणि मलनिःसारण लाभ कर हे वेगळे रकाने आहेत. ग्रामपंचायतीच्या कलम १२४मध्येही, घरपट्टीच्या लगेच खाली, असाच एक रकाना आहे: पंचायतीने ग्रामनिधीतून हाती घेतलेल्या योजनेमुळे किंवा प्रकल्पामुळे ज्या जमिनींना लाभ झाला त्यांवर सुधार आकार. पाणीपट्टीसारखा हा शब्द लोकांच्या तोंडी नाही. महाड-पोलादपूरकडच्या पावत्यांत तो छापलेला असला तरी त्यापुढे रेघ मारलेली असते, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. पण पूरनियंत्रणाच्या लहान कामासाठी कायद्यात याहून नेमके हत्यार नाही. राज्य सरकारची मंजुरी घेऊन दुसरा कर बसवायची वाटही आहे. एका वाडीच्या मोरीसाठी ती फार लांबची.

लाभाप्रमाणे वाटणी कशी दिसेल ते पाहू. भिंतीच्या थेट खाली २० घरे, त्यांना तीन वाटे. गटाराच्या काठाने ४०, त्यांना दोन. बाकीची ४०, ज्यांचा फायदा रस्ता बंद न पडण्याएवढाच, त्यांना एक. धंद्याच्या १२ जागांना प्रत्येकी चार, कारण रस्ता तुटला की त्यांचा गल्ला त्या दिवशी बंद. एकूण २२८ वाटे झाले. एका वाट्याला ५,२६३ रुपये. म्हणजे पहिल्या गटाला १५,७८९, दुसऱ्याला १०,५२६, तिसऱ्याला ५,२६३ आणि खानावळीला २१,०५३.

कागदावर हे न्याय्य दिसते. प्रत्यक्षात दरडीखाली राहणारी वीस घरे बहुधा वाडीतली सगळ्यात गरीब असतात. सपाट जागा आधी आलेल्यांनी घेतलेली असते. त्यांना जीव वाचवण्याचे सगळ्यात मोठे बिल देणे मला पटत नाही. शिवाय पाणी कोणी वळवले हाही प्रश्न आहे. वर गाड्या उभ्या करायला जागा सपाट केली, लॉजसाठी उतार कापला, रस्ता रुंद केला, तर त्या पाण्याचा लोंढा खालच्या घरावर येतो. लाभाच्या हिशेबात खालचे घर लाभार्थी ठरते आणि वरचा कापणारा सुटतो. ग्रामसभेत वाटे ठरवताना ही गोष्ट कोणी तरी स्पष्ट बोलली पाहिजे. माझ्या मते भिंतीखालच्या घरांचा वाटा तीनवरून एकावर आणावा आणि उतार कापणाऱ्या प्रत्येक धंद्याचा दुप्पट करावा. नियमांत तेवढे बसते का हे गटविकास अधिकाऱ्याकडून लेखी विचारून घ्यावे. हिरकणीवाडीत हे जमण्यासारखे आहे, कारण इथे रायगड रोपवेचे खालचे स्थानक आहे, आणि जिथे रोपवे तिथे खानावळी, पाण्याच्या बाटल्या, टोप्या आणि गाड्या. जवळपासच्या इतर वाड्यांना असा ग्राहक नाही. पोलादपूरच्या आतल्या कोंडात हाच हिशेब घातला तर धंद्याचे वाटे शून्य होतात आणि सगळा भार भातशेतीवर जगणाऱ्या घरांवर पडतो. तिथे सुधार आकाराचा नाद करू नये.

पर्यटकांकडूनच घ्यावे, हा विचार कोणालाही सुचेल. कलम १२४च्या यादीत यात्रेकरूंवरील कर आहे आणि गाडीतळाची फीही आहे. कायदा लिहिला तेव्हा डोळ्यांसमोर बैलगाड्या आणि टांगे होते. राज्याभिषेक दिनाला येणाऱ्या शिवभक्ताकडून माणशी कर घेणे गावाला शोभणार नाही आणि वसूलही होणार नाही. पंचायतीने स्वतःच्या जागेत वाहनतळ करून त्याची पावती फाडणे त्यापेक्षा सोपे. वाटेत मोटारी अडवून टोल घेण्याचा मात्र अधिकार नाही.

कर्ज, अनुदान आणि परवानग्या

सुधार आकार हप्त्यांनी यायचा आणि ठेकेदाराला पैसे आधी द्यायचे, हा पेच आहे. त्यासाठी जिल्हा ग्रामविकास निधी आहे. सगळ्या ग्रामपंचायती आपल्या उत्पन्नाचा ठरावीक भाग जिल्हा परिषदेकडे या निधीत भरतात आणि त्यातून पंचायतींना हप्त्यांनी फेडायचे कर्ज मिळते. बहुतेक पंचायती ते दुकानगाळ्यांसारख्या भाडे देणाऱ्या कामाला मागतात. भिंत भाडे देत नाही, म्हणून प्रस्तावात फेड कुठून होणार ते दाखवावे लागेल. सुधार आकाराचा ठराव तिथे उपयोगी पडतो.

पण सगळे बारा लाख गावाने उभे करायचे कारण नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात, म्हणजे मार्च २०२६पर्यंत, पंचायतीच्या अनुदानातला ४० टक्के भाग अबंधित होता आणि ६० टक्के पाणीपुरवठा व स्वच्छतेला बांधलेला. पुढच्या आयोगाची वाटणी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून, म्हणजे कालपर्यंतच्या ग्रामसेवकाकडून, समजून घ्यावी. जिल्हा नियोजन समिती, डोंगरी विकास कार्यक्रम, आमदार निधी, रोजगार हमीतून वहाळाची आणि चरांची कामे, हे मार्ग सर्वांना ठाऊक आहेत. हिरकणीवाडीला आणखी एक दार आहे: रायगड विकास प्राधिकरण. किल्ला आणि भोवतालच्या गावांसाठी सुमारे सहाशे कोटींचा आराखडा या प्राधिकरणाकडे आहे. जुलै २०२५मध्ये रायगडासह बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, म्हणजे गर्दी वाढणार. वाहनतळ किंवा रस्त्याचे कोणतेही काम आले की त्याच अंदाजपत्रकात त्या पाण्याचे गटार आणि मोरी धरली आहे का, एवढे विचारायला फुकट आहे. नंतर गटार मागायला गेले की ते गावाच्या खर्चाने होते.

बारा लाखांतले नऊ बाहेरून आले आणि तीन गावाने दिले असे धरा. मग एक वाटा १,३१६ रुपयांवर येतो. चार वर्षांत फेडायचा तर एका वाट्याला वर्षाचे ३२९, खानावळीला १,३१६. आता हा आकडा ग्रामसभेत बोलण्यासारखा झाला.

भिंत बांधण्याआधी दोन गोष्टी. उतार दरडप्रवण आहे का, भिंतीने भागेल की लोकांनाच हलवावे लागेल, हे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे किंवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे लोक पाहून सांगतात. तहसीलदारांमार्फत मागणी करावी. मागे पाणी साठू देणारी भिंत म्हणजे वर्षभर उशिरा येणारी दरड. भिंतीतून पाणी बाहेर पडायला भोके ठेवली आहेत का आणि मागे दगडांची गाळणी भरली आहे का, हे ठेकेदाराचे बिल काढण्याआधी बघायचे. दुसरी गोष्ट परवानग्यांची. रायगड हे केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. उतार वनखात्याचा असेल तर त्यांचीही. ठराव करून, पैसे गोळा करून मग हे कळणे फार महाग पडते.

चाकरमान्यांचे बंद घर

वसुलीचा खरा अडथळा गरिबी नाही, कुलूप आहे. निम्मी घरे आजोबांच्या नावावर, वारस मुंबई-ठाण्यात, दारे गणपतीत आणि शिमग्यात उघडणार. ग्रामपंचायतीचा कर पहिल्या सहामाहीत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, भरला तर ५ टक्के सूट असते आणि वर्ष उलटले तर ५ टक्के दंड. गणपती बहुतेक वर्षी या तारखेच्या आत येतात. त्यामुळे मागणीची बिले चतुर्थीच्या आधी घराघरांत पोचवणारी पंचायत वसुलीत पुढे असते.

मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळांनी वर्गणी काढून कोकणात देवळे बांधली, शाळा बांधल्या, पाण्याच्या टाक्या बांधल्या. मोरीसाठीही ती निघेल. वर्गणीचा फायदा असा की ती आजच मिळते आणि कलम लागत नाही. तोटा असा की पुढच्या मे महिन्यात गाळ काढायला कोणी वर्गणी देत नाही. म्हणून बांधणीला वर्गणी आणि दुरुस्तीला घरपट्टी, ही विभागणी मला सगळ्यात टिकाऊ वाटते. वर्गणी पंचायतीच्या नावाने घ्यावी, पावती पंचायतीची असावी. मंडळाच्या वहीतला पैसा लेखापरीक्षणात दिसत नाही.

माजी सैनिकांच्या घराला २०२०पासून बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजनेत घरपट्टीची माफी आहे. सैनिकांचे गाव म्हणून ओळखले जाणारे फौजी आंबवडे ज्या तालुक्यात आहे तिथे ही छोटी बाब नाही. वहीतली घरे मोजताना ती आधी वजा करावी.

खालच्यांनी वरच्यांसाठी द्यावे का?

हिरकणीवाडीच्या भिंतीने वाडी वाचेल. पण उतारावर चर खणले, झाडे लावली, पाणी सावकाश सोडले तर थोडा फायदा खाली महाडला. रायगडाला वेढणाऱ्या काळ आणि गांधारी, दोन्ही अखेर सावित्रीलाच मिळतात. लाभाप्रमाणे आकारणी हे तत्त्व प्रामाणिकपणे लावायचे तर महाडच्या व्यापाऱ्यांनी आणि एमआयडीसीतल्या कारखान्यांनी वरच्या वाड्यांतल्या कामाला पैसे दिले पाहिजेत. आपल्याकडे अशी वही नाही. महाड नगरपरिषदेची घरपट्टी नगरपरिषदेच्या हद्दीत संपते, ग्रामपंचायतीची शिवेवर. नदी या दोन्ही वह्या ओलांडते.

नेदरलँड्समध्ये ही वही नदीप्रमाणे आखली आहे. तिथे जलमंडळे नगरपालिकांपासून वेगळी आहेत, शेकडो वर्षे जुनी आहेत, आता ती २१ उरली आहेत. खोऱ्यात राहणारा, शेत असणारा, घर असणारा प्रत्येक जण त्यांना कर देतो आणि त्यांच्या सभेसाठी मत देतो. कॅलिफोर्नियात १९९६च्या सार्वमतानंतर असा आकार बसवण्याआधी प्रत्येक मालकाला टपालाने त्याच्या मालमत्तेची नेमकी रक्कम कळवावी लागते आणि ज्याचा आकार जास्त त्याच्या मताचे वजन जास्त. दुसरा भाग आपल्या ग्रामसभेत नको. खानावळवाल्याला चार मते आणि विधवेला एक, हे चालायचे नाही. पहिला भाग मात्र उद्यापासून करता येईल. ठरावाच्या आधी प्रत्येक घरी चिठ्ठी: तुमचा वाटा इतका, इतकी वर्षे, या कामासाठी.

खोऱ्याची वही होईपर्यंत मोठे पैसे सरकारनेच द्यायचे आहेत. २६ जुलै २००५नंतर मुंबईसारख्या श्रीमंत महापालिकेलाही पर्जन्यजल वाहिन्यांसाठी केंद्राकडून १,२०० कोटी घ्यावे लागले. ऑगस्ट २०२१मध्ये राज्याने ११,५०० कोटींचे पॅकेज जाहीर केले, त्यातले ७,००० कोटी पुढची आपत्ती सौम्य करण्यासाठी होते. त्यापुढे वाडीचे तीन लाख म्हणजे काहीच नाही, पण सात हजार कोटींची यादी तयार होते तेव्हा तुमच्या मोरीचे नाव त्यात कोणी घालायचे, तर ज्याच्याकडे मोजमाप, अंदाजपत्रक आणि गावाच्या हिश्शाचा ठराव तयार आहे त्याने.

वहीतली नोंद, अपील आणि विमा

कर वाढो न वाढो, नमुना ८ची नक्कल आजच काढून बघावी. हीच आकारणीची नोंदवही. त्यात क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, वापर आणि नाव असते. पडवी पाडली पण क्षेत्रफळ तेच, माडी मातीची पण नोंद आरसीसी, खानावळ बंद पडून तीन वर्षे झाली पण भारांक १.२५, अशा चुका कर वाढवतात. उलट बाजूही आहे. नवी पक्की खोली वहीत चढवली नाही म्हणून दरवर्षी दोन-तीनशे वाचतात, पण पुरात ती पडली तर पंचनाम्याच्या वेळी कागद नसतो. २०२१च्या मदतीत पूर्ण पडलेल्या घराला दीड लाख होते, निम्मे पडलेल्याला ५० हजार, पाव पडलेल्याला २५ हजार, कपडे-भांड्यांसाठी कुटुंबाला १० हजार आणि दुकानदाराला नुकसानीप्रमाणे कमाल ५० हजार. यांतल्या कोणत्या ओळीत तुम्ही बसता ते पंचनामा ठरवतो, आणि पंचनाम्याला आलेला तलाठी, ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, आधी वहीच मागतो. आजोबांचे नाव असेल तर वारसनोंद पावसाळ्यापूर्वी करून घ्यावी. चिखलात उभे राहून वारसदाखला मिळत नाही.

फेरआकारणी दर चार वर्षांनी होते. यादी कार्यालयात लागते, हरकतीची मुदत नोटिशीत असते. हरकत लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. निर्णय पटला नाही तर अपील पंचायत समितीकडे, त्यापुढे जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे. सुधार आकाराविरुद्ध अपील करायचे तर मुद्दा लाभाचाच घ्यावा: माझ्या जमिनीचे पाणी या गटारात येत नाही, माझे घर वहाळाच्या पलीकडे आहे. दर जास्त आहे, एवढ्याने अपील टिकत नाही.

भिंत होईपर्यंतच्या पावसाळ्यांसाठी विमा आहे. एप्रिल २०२१पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना भारत गृह रक्षा नावाची एकसारखी पॉलिसी द्यावी लागते. तीत पूर आणि दरड दोन्ही येतात. विमा रक्कम जमिनीच्या किमतीवर नाही, चटई क्षेत्र गुणिले बांधकामाचा खर्च अशी निघते. घराचा विमा घेतला की घरातल्या सामानाला त्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळते. रक्कम थोडी कमी धरली गेली म्हणून दाव्यात त्या प्रमाणात कपात होत नाही. दोन-तीन कंपन्यांचे दर घ्यावेत आणि अर्जात बांधकामाचा प्रकार नमुना ८मध्ये आहे तोच लिहावा. घराच्या पुढच्या खोलीत खानावळ असेल तर ही पॉलिसी त्या खोलीला लागू होणार नाही. तिच्यासाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा वेगळी घ्यावी लागते, आणि फ्रिज, शेगड्या, धान्य यांची यादी किमतीसह तिच्या अर्जातच जोडावी.